‘स्वच्छंद’वरची ओटी

“भरली का बॅग?” बोटीच्या शिडीच्या तोंडातून खाली डोकावत ताम्हाण्यांनी विचारलं. डोक्यावर टोपी, टोपीवर ते मोठे काळे हेडफोन.

“भरली.”

“काय?”

“भरली!”

“ओरडतेस कशाला? परवाचा ढोल ऐकतोय.” त्यांनी एक कान मोकळा केला. “काय स्वच्छ आलाय! ऐकतेस?”

“परवा ऐकला मी. तिथेच होते.”

“प्रत्यक्षात एवढा स्वच्छ येत नाही गं.”

ताम्हाणे म्हणजे माझे यजमान. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की पालथ्या घड्यावर पाणी ओतणं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

“पैलवाडीहून दीडची एस.टी. आहे,” मी म्हटलं. “पाणी भरून झालं की मला खाडीपलीकडे सोडा. पुढे माझी मी जाईन ठाण्यापर्यंत.”

“सोडतो. पण सप्र्यांना काय सांगू? ते आपला फ्लॅट घ्यायला थांबलेत.”

“सांगा, फ्लॅटमध्ये माणूस राहतं.”

ताम्हाणे सरकारी खात्यातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झाले. निवृत्त माणसं गुडघ्यांना तेल लावतात, फार तर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन लोकांना छळतात. ह्यांनी शिडाची बोट घेतली. तीही कुणीतरी वापरून कंटाळलेली. तिचं नाव ठेवलं ‘स्वच्छंद’, आणि तिच्यावर दोरी बांधलेली नाही अशी एक वस्तू नव्हती. स्टोव्ह कलता, पलंग तिकोनी आणि संडासाला हाताने पंप मारायचा. सिंगापूरहून मुलगी म्हणाली, “आई, किती रोमँटिक!” तिला म्हटलं, ये तू पंप मारायला.

बेत असा होता की पावसाळा सरला की मुंबईहून निघायचं आणि कोकणातल्या खाड्याखाड्यांतून हिंडत गावोगावचं गाणं-बजावणं आणि नाच बघायचे. “लोककला पर्यटक होऊन कळत नाही,” हे म्हणत. “पाण्याच्या वाटेनं पाहुणा होऊन गेलं पाहिजे.” पाहुणा कसला! एका गावात दशावतारात राक्षस मरत असताना ह्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. ह्यांनी हात वर करून खेळ थांबवला, बॅटरी बदलली आणि राक्षसाला पुन्हा मरायला सांगितलं. कोकणातली माणसं भिडस्त. तो बिचारा पुन्हा मेला. दुसऱ्या गावात भजनीबुवांना ह्यांनी त्यांच्याच अभंगाचा ताल समजावून सांगितला. बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आम्हाला चहा पाजून लवकर वाटेला लावलं.

मला गाण्यानाचण्याची आवड नव्हती असं नाही, आणि दुखणं नेमकं तिथेच होतं.

वेळखोल गावात आम्ही शिमग्यासाठी आलो होतो. परवा देवळासमोर बायका फुगड्या घालत होत्या. सुगंधा नावाच्या एका दांडग्या बाईनं येऊन सरळ माझे हात धरले. लहानपणी पेणला मंगळागौरीत मी फुगडीला कुणाला हार जात नसे. साठी उलटल्यावर ते पायांना आठवेल असं वाटलं नव्हतं, पण दोन गिरक्यांत आठवलं. पदर खोचला, वेग आला, बायका ओरडायला लागल्या. इतक्यात मागून आवाज आला.

“नलू, बाजूला हो! फ्रेममध्ये येतेस!”

मी बाजूला झाले. सुगंधाचे हात तसेच पुढे राहिले. कुणी हसलं नाही, ते मला जास्त लागलं. संध्याकाळी मी बॅग काढली. ताम्हाण्यांना वाटलं, ही पंपाला कंटाळली.

त्यात त्यांना आता ठाण्याचा फ्लॅट विकून कायमचं बोटीवर राहायचं होतं. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून माझा होकार हवा होता. तसा नसता तर त्यांनी मला विचारलंच नसतं असं मी म्हणत नाही. पण विचारलं असतंच, असंही नाही.

तर आमची बोट जेटीला लावून पाणी भरणं चाललं होतं. भरती पूर्ण चढली होती. एवढ्यात ढोलताशांचा आवाज जवळ आला आणि अख्खा गाव जेटीवर उतरला. पुढे गुलालानं माखलेले पालखीचे भोई, पालखीत देवी पावणाईचा चांदीचा मुखवटा, आणि सगळ्यांच्या पुढे लवूतात्या. ते गावचे गावकार. म्हणजे गावाच्या वतीनं देवीशी बोलायचा मान त्यांचा.

“काकानू,” ते म्हणाले, “आमच्या मचव्याचा इंजिन बसला. आईक पैलवाडीक न्हेवची आसा. थंयची घरा वाट बघतत. तुमची होडी मिळात काय?”

ताम्हाण्यांचे डोळे असे चमकले की मुलगी झाली तेव्हासुद्धा चमकले नव्हते. “माझ्या बोटीवर? पालखी?” त्यांनी हेडफोन नीट बसवले. “या, या! फक्त तो ढोलवाला डाव्या बाजूला उभा राहू दे. उजवीकडे माइक आहे.”

“गावकार, मीसुद्धा पलीकडेच चाललेय,” मी म्हटलं. “एस.टी.ला.”

“मग बरा झाला. आईच्या सोबतीन चला.”

पालखी केबिनच्या छपरावर मधोमध ठेवली. माणसं जिथे मावली तिथे बसली, सुगंधा माझ्या शेजारी. ज्या पांढऱ्या डेकवर मला चप्पल घालून चढायची बंदी होती, तो पाच मिनिटांत गुलालानं लालभडक झाला आणि ताम्हाणे चकार शब्द बोलले नाहीत. कारण ती लोककला होती.

खाडी ती केवढी? इंजिन लावलं असतं तर विडा चघळून होईपर्यंत पलीकडे पोचलो असतो.

“शीड लावूया,” ताम्हाणे म्हणाले.

“वारो नाय, काका,” लवूतात्या म्हणाले.

“असू दे. इंजिनाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो.”

त्यामुळे देवी पावणाई खाडीच्या मधोमध निवांत बसून राहिली. ढोल वाजत होते, पैलतीरावरची माणसं हात हलवत होती आणि बोट शेवाळासारखी जागच्या जागी डुलत होती. भरतीचं पाणी मात्र थांबणारं नव्हतं. ते आलं तसं परत निघालं. आम्ही पैलवाडीच्या जेटीला लागलो तेव्हा ओहोटी चांगलीच लागली होती, आणि वरच्या रस्त्यावर माझी एस.टी. उभी होती.

कुणीतरी तत्परतेनं माझी बॅग उचलली आणि नेऊन गाडीत ठेवली. मीही उठले. पण भोई उठेनात. त्यांनी दांड्यांना खांदे लावले, जोर केला आणि पुन्हा खाली बसले.

“आई जड झाली,” त्यांच्यातला एक म्हणाला.

मला विचाराल तर भोयांनी मनावर घेतलं नव्हतं. पण तिथे मला कोण विचारणार होतं? सगळे लवूतात्यांकडे बघू लागले. तात्यांनी बोटीवरून एकवार नजर फिरवली. आत स्टोव्हवर भाताचं पातेलं होतं, दोरीवर माझी साडी वाळत होती, फळीवर देवाची तसबीर होती.

“हंय तुमी ऱ्हवतास मां?” त्यांनी ताम्हाण्यांना विचारलं.

“म्हणजे काय! हे आमचं घर. आता कायमचं!”

“तर मग तसाच झाला,” तात्या मान हलवत म्हणाले. “मचवो वेगळो. मचव्यात कोण ऱ्हवणा नाय. पण ह्या घर आसा. आई घरात येवन बसली काय घरकारणीन ओटी भरूची लागता, गाऱ्हाणा घालूचा लागता. त्याशिवाय आई उठणा नाय.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरकारीण म्हणजे घरची मालकीण, आणि बोटीवर ताम्हाण्यांची दुसरी कुणी बायको नव्हती.

“हे ह्यांचं घर,” मी म्हटलं. “माझं ठाण्याला आहे. मी चालले तिकडे.”

ढोल थांबला. वरून एस.टी.चा हॉर्न वाजला.

“नलू,” ताम्हाणे दबक्या आवाजात म्हणाले, “काय तू! एवढ्या लोकांसमोर. भर ना ओटी. किती सुंदर विधी आहे! मी ह्या कोनातून घेतो.”

“घ्या ना. पण मी बाजूला होते. नाहीतर फ्रेममध्ये यायची.”

सुगंधानं तोंडाला पदर लावला.

“काका,” एक भोई पाण्यात बघत म्हणाला, “पाणी उतारता. तुमची होडी बसतली.”

खरं होतं ते. आमच्या बोटीच्या पोटाखाली माशाच्या पंखासारखं जड लोखंड असतं. पाणी उतरलं की बोट त्यावर आडवी कलंडते. ताम्हाण्यांनी पाण्याकडे पाहिलं, पालखीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. इंजिनाचा आवाज नको होता ना, आता घ्या! अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. ह्या वेळी मी गाढव व्हायला तयार होते.

एवढ्यात एस.टी.चा कंडक्टर खाली आला. चप्पल काढून तो देवीच्या पाया पडला आणि मला म्हणाला, “काकू, भरा ती ओटी नि चला बेगीन. पॅसेंजर वैतागले.”

“गावकार,” मी लवूतात्यांना विचारलं, “गाऱ्हाण्यात काय सांगतात?”

“घरकारीण सांगता ता. घराचा बरा-वायट. तुमी माझ्या कानात सांगा, मी आईक सांगतंय.”

“काहीही सांगितलं तरी चालतं?”

“आईसमोर कसली लाज?”

“आणि सांगितलेलं नंतर घरातल्या माणसानं मोडलं तर?”

तात्यांनी ताम्हाण्यांकडे बघितलं. म्हातारा वाटत होता त्यापेक्षा बेरकी होता. “मोडल्यान तर आई त्या घरात परत येणा नाय. गावातली माणसापण येणत नाय. ढोल नाय, नाच नाय, काय्येक नाय.”

ताम्हाण्यांनी माइक जवळ ओढून घेतला.

मी आत गेले. तांदूळ होते, सोलकढीसाठी ठेवलेला नारळ होता. खण बॅगेत आणि बॅग एस.टी.त. मग ताम्हाण्यांनी डोलकाठीवर लावायला आणलेलं कोरं लाल निशाण घेतलं. हळदकुंकू सुगंधानं दिलं. देवीची ओटी मी रागारागातच भरली हे कबूल करायला हरकत नाही.

मग तात्यांच्या कानाशी लागून मी सांगितलं. तात्या हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी खणखणीत आवाज लावला.

“हे आई पावणाई! आज तू ह्या पाण्यावरच्या घरात इलंस. ह्या घरची घरकारीण गाऱ्हाणा घालता, ता आयक. हिचा ठाण्याचा घर आसा. ता कोणी इकूचा नाय!”

“व्हय महाराजा!” अख्खी जेटी गरजली.

“अहो...” ताम्हाणे म्हणाले.

“वर्साचे चार म्हयने ही होडयेर ऱ्हवतली. बाकीचे म्हयने आपल्या घराकडे ऱ्हवतली. घरकारानपण तसाच ऱ्हवाचा!”

“व्हय महाराजा!”

“नलू, हे आपण नंतर घरी बोलू.”

“घरीच बोलतेय.”

“संडासाचो पंप,” तात्या क्षणभर अडखळले, मग तितक्याच गंभीरपणे म्हणाले, “संडासाचो पंप घरकारान मारूचो!”

“व्हय महाराजा!” ह्या वेळी कंडक्टरही ओरडला.

“आणि आई, ही घरकारीण खंय गावाक गेली, नाचाक गेली, तर तिका कोणी ‘बाजूक हो’ म्हणूचा नाय!”

सगळ्यात आधी सुगंधा ओरडली. मग सगळ्या बायका ओरडल्या. इतक्या मोठ्यानं की ताम्हाण्यांनी कानावरचे हेडफोन ओढून काढले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी प्रत्यक्षात जास्त स्वच्छ ऐकू आलं असावं. कारण ते माझ्याकडे बघत राहिले.

“परवाचं होय?” शेवटी त्यांनी विचारलं.

“हो, परवाचं.”

“मला वाटलं पंप.”

“पंपही आहे.”

“घरकाराचा काय मागणा आसा?” तात्यांनी त्यांना विचारलं. “रीत आसा. बोला.”

आता भाषण ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत राहिले. लोककला, जलमार्ग, परंपरा. पण ताम्हाणे हातातल्या हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत होते.

“पुढच्या शिमग्याला,” ते म्हणाले, “आईनं पुन्हा ह्याच घरी यावं. आणि ही इथे असावी. एकट्याला ऐकायला बरं नाही वाटत.”

तात्यांनी ते देवीला सांगितलं. लोक “व्हय महाराजा” म्हणाले. मी पदर डोळ्यांवर ओढला. उन्हानं असेल.

“आता उचला काका,” भोई म्हणाला.

“मी?”

“घर तुमचा. पयलो खांदो घरकाराचो.”

त्यांना काही कळायच्या आत पालखीचा पुढचा दांडा त्यांच्या खांद्यावर आला. जड झालेली देवी आता कापसासारखी उठली. माणसं जेटीवर उतरली, ढोल कडाडला आणि पालखी नाचू लागली. ताम्हाणे नाचले म्हणणं धाडसाचं होईल. पालखी डावीकडे गेली की ते उजवीकडे जात. ढोलानं घाई केली की ते थांबत, आणि ढोल थांबला की एकटेच दोन उड्या मारत. टोपी खाडीत गेली. माझ्या हातात कॅमेरा होता, तो त्यांनीच जाताजाता दिला होता. मी तो बंद करून ठेवला आणि पोट धरून हसत राहिले.

“काकू, तुमी येवा हंय,” म्हणून सुगंधानं माझे हात धरले. परवाची राहिलेली फुगडी आम्ही त्या जेटीवर पुरी केली.

ह्या गडबडीत एस.टी. गेली. माझी बॅगही गेली. माझ्यापेक्षा बॅग निश्चयाची पक्की निघाली. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं ती परत आणून दिली. बोटीचं म्हणाल तर ती व्हायची तशी चिखलात बसली आणि रात्रीच्या भरतीपर्यंत आम्ही दोघं तिच्या भिंतीवर झोपलो, कारण जमीन भिंतीच्या जागी गेली होती.

पुढं सगळं गाऱ्हाण्याप्रमाणे झालं. सप्र्यांनी दुसरीकडे फ्लॅट घेतला. आम्ही पावसाळा ठाण्याला काढायचो, दिवाळी झाली, आवराआवर झाली की निघायचो. कार्तिकातली जत्रा, माघातला उत्सव, शेवटी वेळखोलचा शिमगा, की परत. मचव्याचं इंजिन केव्हाच दुरुस्त झालं होतं, पण पालखी दरवर्षी आमच्या बोटीवरूनच जायची. एकदा वहिवाटीत आलेलं घर सोडत नाहीत. ताम्हाणे पंप मारत. रेकॉर्डिंग काही त्यांनी सोडलं नाही, जित्याची खोड. फक्त हेडफोनचा एक कान आता ते माझ्याकडे धरत आणि मी तो लावत असे. दोन डोकी जवळ आणावी लागत, मान अवघडायची. नाचाला मात्र पहिली मी जायची. ते कॅमेरा घेऊन बाजूला व्हायचे.

चार वर्षांपूर्वी ऐन श्रावणात ताम्हाणे गेले. ठाण्याला, आपल्या घरात, चौकोनी पलंगावर. ते घर विकलं असतं तर त्यांना कुठे ठेवलं असतं, हा विचार अजून येतो.

बोट विकून टाकायची असं मी मुलीला सांगितलं. ती ‘हो’ म्हणाली. रोमँटिक वगैरे काही म्हणाली नाही.

माघ सरता सरता लवूतात्यांचा फोन आला. आवाज थकला होता. “काकू, शिमगो इलो. पालखी खंय न्हेवची?”

“तात्या, आता मचव्यातून न्या. मी काय करू तिथे येऊन?”

“घर मोडलास काय?”

“नाही. अजून नाही.”

“मग?”

“ओटी कशी भरू? आता मला चालत नाही, तात्या. तुम्हालाच ठाऊक.”

फोन सुगंधानं ओढून घेतला असावा, कारण पुढचा आवाज तिचा होता. “ओटी घरकारीण भरता, काकू. कुंकू भरणा नाय. येवा गप.”

मी गेले. बोट चालवायला तिथलेच दोघं आले. शीड लावू का म्हणाले. वारा नव्हता, तरी म्हटलं लावा. पालखी छपरावर बसली, खाडीच्या मधोमध आम्ही तसेच रेंगाळलो, आणि ढोल फार स्वच्छ ऐकू येत होता. पलीकडे गेल्यावर तांदूळ, नारळ आणि एक कोरं लाल निशाण घेऊन मी ओटी भरली. तेव्हाही आणि त्यानंतर दर वर्षीही.

तात्यांनी त्या दिवशी रीतीप्रमाणे विचारलं, “काकू, काय मागणा?”

माझं मागणं काही उरलं नव्हतं. जे हवं ते मी पहिल्याच दिवशी सगळ्या गावासमोर पदरात पाडून घेतलं होतं. घर मागितलं, पंप मागितला, फुगडी मागितली. माणसाला धडा शिकवायच्या नादात एवढी बारीक कलमं घातली की वकील लाजावा. वर्षातले महिने किती, तेसुद्धा चोख सांगितलं होतं. वर्षं किती, ते मागायचं तेवढं राहून गेलं.